पगाराची तारीख

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीचा पगार दोन दिवस उशिरा झाला. पेरोलचं सॉफ्टवेअर बदलत होते, त्यात शनिवार-रविवार आडवा आला, एवढंच कारण. पण काय तो गोंधळ मंडळी! टीमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अडीच-तीनशे मेसेज. एकाचा गृहकर्जाचा हप्ता बाउन्स झाला, एकाला घरमालकाचा फोन आला. आणि ज्याने आयुष्यात कधी युनियन हा शब्द तोंडातून काढला नसेल, त्या आमच्या सीनियरने "आपण सगळ्यांनी मिळून एचआरला मेल टाकला पाहिजे" असं क्रांतिकारक विधान केलं. सोमवारी दुपारी पगार जमा झाला आणि क्रांती संपली. :)

मी मात्र ते दोन दिवस १८९७ सालच्या मुंबईत होतो. (जुन्या वाचकांना माहीत आहे, विकांताला माझं डोकं असंच कुठेतरी जातं.) आणि तिथून फिरून २०२० च्या नाशिकमध्ये, आमच्या पाथर्डी फाट्यावर. या दोन ठिकाणांना जोडणारी गोष्ट म्हणजे पगाराची तारीख. किती पगार, हा प्रश्न सगळेच विचारतात. पण तो कधी हातात पडतो, आणि साथ आली त्या दिवशी तो नेमका कोणाच्या खिशात असतो, हे फारसं कोणी विचारत नाही.

प्लेग म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रँड, चापेकर बंधू, टिळक. आमच्या पुस्तकातला प्लेग पुण्यात यायचा आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत संपायचा. फार तर सावित्रीबाई फुल्यांची आठवण निघायची, त्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या. पण साथ सुरू झाली मुंबईत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. मांडवी म्हणजे गोदीजवळची धान्याची वखार. धान्य तिथे उंदीर, उंदीर तिथे पिसवा, हे शास्त्र सगळ्यांना पटायला अजून बरीच वर्षं होती. तोवर सरकार घरं धूत होतं, छपरं काढत होतं आणि माणसं उचलून नेत होतं.

मुंबईची वस्ती १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी माणसं शहर सोडून गेली होती. कोकणातली बोटीने गेली, घाटावरची रेल्वेने. रेल्वे चालू होती हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. स्टेशनांवर उतारूंना उतरवून तपासत, अडवत, छळत. पण गाडी बंद नव्हती.

आता गिरणी कामगाराचा पगार कसा होता ते बघा. महिन्याचा पगार, पण महिना संपल्यावर लगेच नाही. पुढचे दोन-तीन आठवडे, काही ठिकाणी त्याहून जास्त, मालक तो दाबून ठेवायचा. म्हणजे कामगाराची महिना-दीड महिन्याची कमाई कायम मालकाकडे अडकलेली. न सांगता काम सोडलं की ती बुडाली. तोवर खायचं काय? वाण्याकडून उधार. उधारीवर व्याज. म्हणजे कामगार एकाच वेळी मालकाला बिनव्याजी कर्ज देत होता आणि वाण्याकडून व्याजाने घेत होता. आमच्याकडे कोणी असं सिस्टिम डिझाइन करून आणलं तर रिव्ह्यूमध्ये त्याला हाकलून देतील. पण डिझाइन मालकाच्या दृष्टीने अगदी नेटकं होतं, ते कामगाराला बांधून ठेवायचंच यंत्र होतं.

याविरुद्ध ओरड आधीपासून होती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे (ती १८९० मध्ये मिळाली, तुम्ही हा लेख रविवारी वाचत असाल तर त्यांचे आभार माना). पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: केलेल्या कामाचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. किती साधी मागणी! १ तारखेलाही नाही, १५. तीही मान्य झाली नाही.

आणि मग प्लेग आला. गिरणीमालकांना वाटत असणार की अडकलेला पगार सोडून हे लोक कुठे जातील? लोक गेले. जिवापुढे पंधरवड्याची मजुरी काय. दोरी तुटली. गिरण्या मात्र चालू होत्या, सूत विकलं जात होतं, आणि साचे चालवायला माणूस मिळेना. मग जे मुंबईत उरले होते त्यांनी एक गोष्ट मागितली, आणि ती पगारवाढीच्या आधीची होती: रोजचे पैसे रोज द्या. आज संध्याकाळी. उद्या मी असेन-नसेन, तू असशील-नसशील.

मालकांना द्यावे लागले. इतकंच नाही, रस्त्याच्या कोपऱ्यावर गिरण्यांची माणसं उभी राहून मजुरांवर बोली लावायला लागली. एका गिरणीकडे निघालेल्या माणसाला दुसरीने वाटेत जास्त देऊन पळवायचं. एकमेकांचे कामगार पळवायचे नाहीत असं मालकांनी आपसात ठरवूनही पाहिलं, पण टिकलं नाही. (हे वाचताना मला २०२१ मधली आपली आयटीची भरती आठवली. नोटीस पिरियडमध्ये तीन-तीन ऑफर घेऊन फिरणारे आपण. फरक एवढाच की आपल्या दाराबाहेर उंदीर मरून पडले नव्हते.)

हे सगळं गोड मानून घ्यायचं कारण नाही. रोजचे पैसे घेणारा माणूस त्याच चाळीत, त्याच अंधाऱ्या खोलीत रात्री परत जात होता. ज्याने १५ तारीख मागितली होती ते लोखंडे स्वतः ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगने गेले. मुंबईत रोजचा पगार सुरू झालेला असताना.

पुढे काय झालं? साथीची पहिली लाट ओसरली, माणसं परत आली आणि १८९७ च्या उत्तरार्धात मालकांनी एक होऊन पुन्हा महिन्याचा, दाबून ठेवलेला पगार सुरू केला. त्यावर संप झाले. संप मोडले. तारीख परत मालकाच्या हातात गेली. पुढचा कायदा यायला १९३६ साल उजाडलं. वेतन प्रदान कायदा. हजाराच्या आत कामगार असतील तर ७ तारखेपर्यंत, त्याहून जास्त असतील तर १० पर्यंत पगार झाला पाहिजे, असं त्यात होतं. आपण "सात तारखेच्या आत" असं सहज म्हणतो ना, ते तिथून येतं. लोखंड्यांचा अर्ज ते कायदा, ५२ वर्षं.

मुंबईच्या प्लेगमध्ये आणखी एक जमात होती जिच्यापुढे साहेब नमला, ती म्हणजे हलालखोर. शौचकूप साफ करणारे, मैला वाहणारे. हे म्युनिसिपालटीचे नोकर, आणि त्यांनी नोटीस न देता काम सोडणं हा १८९० च्या कायद्याने गुन्हा होता. गिरणीवाल्याला पगार दाबून बांधलं होतं, यांना थेट कायद्याने. ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्यांना जबरदस्तीने इस्पितळात न्यायचे नियम आले, २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. म्युनिसिपल कमिशनर स्नो याला खरी भीती मात्र वेगळीच होती. हलालखोर पळाले तर मुंबईत राहणं अशक्य होईल. नियम सैल झाले. शहरातला सगळ्यात खालचा मानलेला माणूस, आणि त्याच्या नुसत्या जाण्याच्या शक्यतेने सरकार दोन पावलं मागे आलं.

१९१८ च्या तापाबद्दल थोडंच लिहितो, कारण तिथे असं काही घडलं नाही. तो ताप इतक्या वेगाने फिरला की पळायला वेळच नव्हता, आणि पळून जायचं तर गावी पाऊस पडला नव्हता, धान्य महाग होतं. मुंबईत त्या तापात हजारी किती मेले याचे जात-धर्मवार आकडे आरोग्य अधिकाऱ्याने काढले होते. युरोपियन ८.३. पारशी ९. मुसलमान १९.२. वरच्या जातींचे हिंदू १८.९. आणि ज्यांना तो 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणतो ते ६१.६. सातपटीचा हा फरक विषाणूने केलेला नाही. गडी, झाडूवाले, गोदीतले हमाल, दमट खोल्यांत दहा-दहा जण राहणारे, आजारी पडलं की मजुरी बंद. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरण्यांमध्ये लाखाच्या वर कामगारांचा संप झाला. मागणी महागाईपुरत्या पगाराची होती.

आता नाशिक.

मार्च २०२० मध्ये मी नोकरीला लागून आठ-नऊ महिने झाले होते. हिंजवडीहून लॅपटॉप आणि मॉनिटर घेऊन घरी आलो आणि पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऑफिस थाटलं. बाल्कनीपासून मुंबई-आग्रा महामार्ग पाच मिनिटांवर. २५ मार्चला लॉकडाऊन लागला आणि दोन-तीन दिवसांत महामार्गावर माणसं दिसायला लागली. कसारा घाट चढून आलेली. पाठीवर बॅग, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर. ३१ तारखेला माझ्या फोनवर पगार जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी सोसायटीतल्या पोरांबरोबर फाट्यावर पाण्याच्या बाटल्या वाटत होतो.

एकाशी बोललो. कल्याणकडच्या एका बांधकामावरून निघाला होता, मध्य प्रदेशात जायचं होतं. नाव विचारलं नाही. पैसे आहेत का, एवढं विचारलं. म्हणाला, "हैं ना भैया, बाईस दिन का है. ठेकेदार के पास है." आणि हसला. ठेकेदाराचा फोन बंद होता.

बावीस दिवसांची मजुरी. १८९७ च्या गिरणीतली तीच दोरी! पण इथे ती तोडून निघालेल्या माणसाच्या हातात काहीच येत नव्हतं. प्लेगमध्ये गिरणी चालू होती, म्हणून माणूस दुर्मिळ झाला आणि त्याला भाव आला. २०२० मध्ये काम सगळ्यांचंच एका रात्रीत थांबलं. आणि तेव्हा चालू असलेली रेल्वे आता बंद होती. भाव येण्याचे दोन्ही रस्ते बंद. केंद्राने २९ मार्चला दोन हुकूम काढले: मजुरांना जिथे आहेत तिथे थांबवा, राज्याच्या सीमा बंद करा, आणि मालकांनी लॉकडाऊनच्या काळाचा पगार न कापता द्यावा. पहिल्याची अंमलबजावणी पोलिसांनी केली, चालणाऱ्यांना इगतपुरी-नाशिक पट्ट्यात अडवून निवारा केंद्रांत ठेवलं. दुसऱ्याची अंमलबजावणी कोणी करायची होती? १८ मे पासून तो हुकूम मागेही घेतला गेला. (या काळात ज्या साथरोग कायद्याचाही आधार घेतला गेला, तो फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगसाठीच केलेला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कोड, प्रॉडक्शनमध्ये.)

त्या अडवलेल्या लोकांना घेऊन महाराष्ट्रातली पहिली श्रमिक विशेष गाडी निघाली ती नाशिकरोडहून. तारीख १ मे २०२०. कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन. रात्री साडेनऊच्या सुमारास भोपाळसाठी, साडेतीनशेच्या आसपास माणसं. दुसऱ्या दिवशी लखनौची गाडी. कडेवर पोर घेतलेल्यांतलं कोणी त्यात होतं का, माझा बाईस दिनवाला होता का, कोण जाणे. आठवडाभरात, ८ मे च्या पहाटे, जालन्याच्या पोलाद कारखान्यातले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघाले होते, दमून तिथेच झोपले. रुळांमध्ये पडलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो तुम्हीही पाहिला असेल.

पगाराची तारीख प्रत्येक धंद्यात वेगळी, म्हणून साथीचा फटकाही वेगळा, हे मला तेव्हा हळूहळू कळत गेलं. ऊसतोडीवाल्यांचं उलटं असतं. त्यांना हंगामाच्या आधीच उचल मिळते, नवरा-बायकोच्या कोयत्यावर. म्हणजे पैसे आधी, काम नंतर. ऐकायला बरं वाटतं, पण उचल फिटेपर्यंत मुकादम हलू देत नाही, आणि नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर. ते लाखाच्या वर लोक पश्चिम महाराष्ट्रात उघड्या फडांवर अडकले होते, १७ एप्रिलला सरकारने त्यांना गावी जायची परवानगी दिली तेव्हा सुटले. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला येणाऱ्या टोळ्या उक्त्यावर काम घेतात. काम झालं की हिशोब. त्या मार्चमध्ये माल बागेतच राहिला. झालेल्या कामाचाच हिशोब अडला, तिथे पुढच्या कामाचं काय बोलायचं.

आणि मालेगाव. तिथे यंत्रमागावर मीटरप्रमाणे मजुरी आणि आठवड्याला पगार, शुक्रवार सुट्टी. आठवड्याचा पगार म्हणजे घरात आठवड्याचंच धान्य. २५ मार्चला माग थांबले, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मालेगाव राज्यातलं मोठं हॉटस्पॉट झालं. टीव्हीवर मालेगावचं नाव ज्या सुरात घेत होते तो आठवला की अजून चीड येते. एका खोलीत आठ जण, बाहेर संडासाला रांग, घरात चार दिवसांचं पीठ, खासगी दवाखान्यांना कुलूप. अशा माणसाला "घरातच थांबा" म्हणणं सोपं. हे विणकर म्हणजे मोमीन समाज, त्यांचे पूर्वज उत्तर प्रदेशातून आलेले. मुंबईत मदनपुऱ्यात याच समाजाचे जुलाहे राहायचे, आणि ९ मार्च १८९८ ला एका विणकराच्या आजारी मुलीला पथक घेऊन जायला आलं तेव्हा तिथेच दंगल पेटली, गोळीबार झाला. त्यानंतर गोदीतल्या आणि रेल्वेतल्या कामगारांनी कामं बंद ठेवली. तेव्हाही इंग्रजी वर्तमानपत्रं 'अडाणी' म्हणाली असतील, वेगळ्या सुरात.

घंटागाडी मात्र रोज येत होती. सकाळी पावणेआठला. मास्क असलाच तर रुमालाचा. आम्ही बाल्कनीत उभं राहून थाळ्या वाजवल्या त्या त्यांच्यासाठीही होत्या म्हणे. पण १८९६ च्या हलालखोरासमोर जसा कमिशनर वाकला तसं कोणी वाकलं नाही, कारण आता ते ठेकेदाराचे कामगार. एक गेला तर दुसरा, आणि त्या एप्रिलमध्ये दुसऱ्याची रांग फार लांब होती.

आता आमच्या घरचं सांगतो, नाहीतर हा लेख खोटा होईल.

आमच्याकडे कामाला एक मावशी येतात, मी सातवीत होतो तेव्हापासून. २२ मार्चपासून सोसायटीने बाहेरच्यांना बंदी केली. एप्रिलचा पगार आईने पूर्ण दिला. मी गुगल पेने त्यांच्या मुलाच्या नंबरवर पाठवला आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. मे चा अर्धा दिला. जूनमध्ये आई म्हणाली, "काम सुरू झालं की बघू." तेव्हा माझा पगार चालू होता, बाबांची पेन्शन चालू होती. अर्धा पगार कापायचं कारण काय होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

ऑगस्टमध्ये मावशी परत आल्या. बारीक झाल्या होत्या. पहिल्याच दिवशी भांडी घासून झाल्यावर पदराला हात पुसत म्हणाल्या, "वहिनी, एक बोलू का? आता पगार महिना लागतानाच द्या ना. परत बंद झालं तर घरात काही तरी राहील."

आई एक क्षण थांबली. "अहो, असं कुठे असतं का? काम झाल्यावरच देतात ना पगार." मी आतल्या खोलीत कॉलवर होतो, म्यूटवर. सगळं ऐकू येत होतं. मावशी काही बोलल्या नाहीत, उद्या सकाळी लवकर येते म्हणाल्या.

१९३६ चा कायदा घरकामाला लागू नव्हता. आई मावशींचा पगार दर महिन्याच्या ५ तारखेला देते, मागच्या महिन्याचा. कधी रविवार आला तर ६ तारखेला.